सोनपेठला गेलेलं एक्स-रे मशीन

ती घटना अजूनही माझ्या मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. एका बटणाच्या चोरीचा अर्ज मात्र काल हातात पडल्यासारखा आठवतो. लोक हसतात. हसू द्या.

तेव्हा मी परभणी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी झाली, रात्रगस्तीचा अहवाल ऐकला आणि चहाचा कप उचलला, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका गृहस्थांना आत पाठवलं. सोनपेठच्या एका धर्मादाय दवाखान्याचे ते व्यवस्थापक. माझा एक ठोकताळा आहे. घाबरून आलेला माणूस आधी पाणी मागतो, रागावून आलेला खुर्ची ओढतो. यांनी खुर्ची ओढली.

"साहेब, आमच्या एक्स-रे मशीनचा पार्ट चोरीला गेला. टेम्पोवाल्यानंच मारला. गुन्हा दाखल करा."

"सोनपेठचं मशीन, मग अर्ज इथं का?"

"तिथल्या ठाण्यात म्हणले, माल परभणीत भरला, तर परभणीलाच जा."

हद्दीचा चेंडू असा आमच्या अंगणात आला. मी त्यांना चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

परभणीत जुन्या वस्तीत एक डॉक्टर होते. घराच्या पुढच्या भागात दवाखाना आणि एक्स-रेची खोली, मागच्या भागात संसार. निम्म्या जिल्ह्याची हाडं त्या खोलीतून गेली असतील. बंदोबस्तात मोटारसायकलवरून पडलो तेव्हा माझं कोपरही तिथंच तपासलं होतं. डॉक्टर वारले. मुलगा पुण्याला. मशीन खोलीत धूळ खात पडलं आणि भंगारवाले दारात घिरट्या घालू लागले. मुलाला ते पटेना. वडिलांचं मशीन कुणाच्या तरी कामी यावं म्हणून त्यानं खूप ठिकाणी फोन केले. मोठ्या दवाखान्यांना जुनं नको होतं, लहानांकडे ठेवायला जागा नव्हती. शेवटी सोनपेठचा हा दवाखाना तयार झाला. त्यांच्याकडे एक्स-रेची सोय नव्हती. बांधावरून घसरलेल्या म्हातारीला मोडला पाय घेऊन एसटीनं परभणी गाठावी लागायची. मुलानं पुण्याहून सगळ्या परवानग्या काढल्या, इथून टेम्पो ठरवून दिला आणि मशीन गेलं.

"आमी खोली बांधली, भिंतीत शिसं बसवलं," व्यवस्थापक सांगत होते, "नांदेडहून मेकॅनिक आणला. त्यानं समदं जोडलं आणि म्हणला, फोटो काढायचं बटणच न्हाई. लांब गुंडाळ्याची वायर असते बघा, तिच्या टोकाला. जुनं मॉडेल हाय. दुसरं बसवायचं तर कंपनीचा माणूस येऊन तपासणार, मग चालू. तवर काय करायचं? येणाऱ्याला रोज परत पाठवायलोत. लोक म्हणायलेत, दवाखान्यानं शोभेचं मशीन आणलं."

राग खरा होता, कारण त्याच्यामागे दारातून परत जाणारी माणसं होती. मी अर्ज चौकशीवर घेतला.

एका हवालदाराला डॉक्टरांच्या घरी पाठवलं. तिथं डॉक्टरांची पत्नी एकटीच राहत होती. गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणते. हवालदार जबाब घेऊन आला. 'मशीनसोबत तुमच्या घरातून काही चोरीला गेलं का?' असा त्याचा प्रश्न आणि 'नाही' असं तिचं उत्तर. हवालदाराचा प्रश्न सरळ होता, बाईचं उत्तरही सरळ होतं.

राहिला टेम्पोवाला. त्याच्यावरचा संशय पक्का केला तो आमच्या खबऱ्यानं. गंगाखेड रोडवर भंगाराचं एक दुकान आहे. त्या दिवशी मशीन भरलेला टेम्पो तिथं उभा होता, ही खबर त्यानं आणली. एक्स-रे मशीन म्हणजे आत तांबं, आणि तांब्याला भंगारात भाव. माझ्या हवालदाराचे डोळे चमकले.

"साहेब, झालंच म्हणायचं."

"झालं की सांगतो," मी म्हणालो. "आधी पोराला आणा."

आणला. तिशीतला गडी, मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात थोडी कोरडवाहू जमीन, बाकी पोट टेम्पोवर. चेहरा उतरलेला. अर्जाची बातमी त्याच्याआधी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोचली होती. मोंढ्यात एकदा नाव खराब झालं की कुणी भाडं देत नाही, टेम्पो दारात उभा राहतो. दोन आडत्यांनी त्याला 'सध्या काम नाही' म्हणून सांगूनही टाकलं होतं.

"भंगाराच्या दुकानात काय विकलंस?"

"इकलं न्हाई साहेब, मागून घेतलं. जुने टायर. मशीनखाली घालायला. रस्ता कसा हाय तुमाला माहीत हाय. काचेचा दिवा हाय म्हणले त्याच्यात, फुटला तर? दुकानदाराला इचारा."

विचारलं. खरं निघालं. टायर अजून सोनपेठच्या दवाखान्यामागे पडले होते.

"मग बटण कुठं गेलं?"

"म्या कामून घेऊ ते? माझ्या घरी काय हाडाचे फोटो काढायचेत?"

हवालदार हसला, मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी खूप पाहिले. आवाज चढला की समोरचा तेवढ्यापुरतं बोलतो. गप्पा मारल्या की विसरलेलंही सांगतो. मी त्याला पाणी दिलं आणि मशीन भरताना काय काय झालं ते एकेक सांग म्हणालो.

"चार हमाल होते. टेबल आधी चढवलं, मग खांब, मग ते बटणांचं कपाट. बाई दारात उभ्या होत्या. समदं भरून झालं तवा म्हणल्या, थांब बाबा. आत गेल्या, तांब्या आणला. टेम्पोच्या चाकावर पाणी घातलं. वर चढता येईना, तर मला म्हणल्या, ह्या कपाटाला हळदकुंकू लाव. म्या लावलं. मग त्यांनी भाकरतुकडा ववाळून टाकला. मला लय कसंतरी झालं साहेब. आमच्या घरी बैल इकताना माय असंच करते. मानंला हात लावती, रडती, आन मग घेणाऱ्याच्या हाती देती."

मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. आमच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो, पण बैल जातानाची माझ्या आईची पाठ मला आजही दिसते. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आणि दावं?"

"दावं कोण देतंय साहेब? दावं घरीच..."

तो थांबला. मीही थांबलो. हवालदार आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. तो शहरातला. त्याला सांगावं लागलं की आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपला दोर आपण आणायचा असतो. बैल जातो आणि दावं गोठ्यातल्या खुंटीला परत येतं. दावं घरात राहिलं की त्या दावणीला दुसरं जनावर येतं, अशी समजूत आहे.

गाडी काढायला सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, ओळखलं, कोपर कसं आहे विचारलं. माहेर चारठाण्याचं, मोठ्या शेतकऱ्याची लेक. पुढच्या खोलीत रुग्णांचं बाकडं जागच्या जागी होतं, पुसलेलं. एक्स-रेच्या खोलीत फरशीवर मशीनच्या जागेचा फिका चौकोन होता. डार्करूममधल्या औषधाचा आंबट वास अजून हवेत होता. दाराजवळच्या खुंटीला, जिथं डॉक्टरांचा पांढरा कोट असायचा, तिथं गुंडाळलेली काळी वायर लटकत होती. टोकाला बटण. लपवलेलं नव्हतं. आत येणाऱ्या कुणालाही दिसलं असतं, फक्त आमचा हवालदार आत न येता ओट्यावरच जबाब घेऊन परतला होता.

"बाई, हे मशीनचं आहे."

"हो. दावं हाय त्याचं," त्या सहज म्हणाल्या. "मशीन दिलं, ते बरं झालं. लोकांच्या कामी यावं, ह्यांनाबी तेच वाटलं असतं. पण ते जायचं ठरलं तवा जीव राहिना. हमाल यायच्या आधीच हे तेवढं सोडवून घेतलं. त्यांच्या हातात दिवसभर हेच असायचं. बघा, अंगठ्यानं कसं गुळगुळीत झालंय."

मी पाहिलं. बटणाचा मधला भाग खरंच झिजलेला होता.

"आत स्वयंपाकघरात मला त्यांचा आवाज यायचा. श्वास घ्या, धरून ठेवा. मी चपाती लाटता लाटता माझाबी श्वास धरायची. मग म्हणायचे, सोडा. आता कुणी सोडा म्हणत न्हाई."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. स्वयंपाकाची सवय सांगावी तसं सांगितलं. वर्दीतल्या माणसानं अशा वेळी खिडकीबाहेर पाहायचं असतं. मी पाहिलं.

मग मी त्यांना अर्जाचं सांगितलं. या बटणाशिवाय मशीन चालत नाही, सोनपेठला माणसं परत जातात आणि चोरीचा आळ आलेला टेम्पोवाला ठाण्यात बसून आहे. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"त्या लेकराला बसवून ठेवलंय तुमी? मला वाटलं, तिकडं त्यांचं त्यांचं असंल. घेणारा आपलं आणतोच की!"

डोक्यावरून पदर घेतला, वायर खुंटीवरून काढली आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसल्या. वाटभर ती वायर दोन्ही हातांत धरली होती. ठाण्यात आल्यावर सरळ त्या टेम्पोवाल्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं. ने हे. तुझ्याच हातानं नेऊन दे, म्हणजे लोकांना कळंल."

तो उठून उभा राहिला. हात पुढे करीना. "राहू द्या माय. दावं न्हाई नेत आमी."

"ने म्हणते ना. तिकडं माणसं मोडलेला हात घेऊन बसलेत."

शेवटी त्यानं ओंजळ पुढे केली. बाईंनी वायर त्याच्या ओंजळीत ठेवली, पण बोटं लगेच निघाली नाहीत. मी टेम्पोवाल्याचा आणि बाईंचा जबाब नोंदवला. जिची वस्तू तिनं ठेवून घेतली तर त्यात चोरी कसली? गुन्हा घडलेला नाही असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. दुसऱ्या दिवशी हवालदाराला मुद्दाम वर्दीत मोंढ्यात पाठवलं आणि त्या आडत्यांच्या पेढीवर टेम्पोवाल्यासोबत चहा प्यायला लावला. काही गोष्टी आमच्या शेऱ्यानं मिटत नाहीत, चहानं मिटतात.

सोनपेठचं मशीन सुरू झालं. व्यवस्थापकांना मी फोनवर सगळी हकिकत सांगितली. मग ते म्हणाले, "साहेब, मंग चूक आमची हाय. दोर आमी न्यायला पायजे होता."

व्यवस्थापक बोलून थांबले नाहीत. कंपनीच्या मागे लागून नवं बटण मंजूर करून घेतलं. ते बसल्यावर नारळ आणि साडी घेऊन परभणीला आले आणि मला सोबत घेऊन डॉक्टरीणबाईंच्या घरी गेले. जुनी वायर नव्या रुमालात गुंडाळून आणली होती. बाईंनी आधी एकच विचारलं, "तिकडं फोटो चांगले येतात का?" येतात म्हटल्यावर त्यांनी रुमाल उघडला.

वायर पुन्हा खुंटीला गेली. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "बाई, दावं घरी राहिलं की दावणीला दुसरं येतं म्हणतात."

त्या हसल्या. "बैल येतो साहेब. माणूस न्हाई येत. मला काय कळत न्हाई का? तरी असू द्या." आणि आम्हाला चहा ठेवायला आत गेल्या.

नोकरीभर मी लोकांना विचारत आलो की वस्तू का घेतली. लोभ, गरज, सूड, अशी ठरलेली उत्तरं मिळायची आणि तेवढ्यात आमचं काम भागायचं. एखादी वस्तू का ठेवली, हे विचारायला मला त्या अर्जानं शिकवलं, आणि तोवर निवृत्तीच आली.

पुढे माझी पत्नी गेली. घर रिकामं करा, तिच्या वस्तू गरजूंना द्या, असं मुलगी म्हणते आणि तिचं बरोबर आहे. आजारपणातली तो वर-खाली होणारा पलंग आणि ऑक्सिजनचं मोठं मशीन जिंतूरकडच्या एका कुटुंबाला दिलं. गाडी निघताना मी चाकावर पाणी घातलं. शेजाऱ्यांना वाटलं, साहेबांचं वय झालं. सगळं नीट मोजून, बांधून दिलं. मागे काय ठेवलं, ते मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.