भावाचं म्हातारपण

"हे तोंड काय माझ्या एकट्याचं नाय, भाऊ," असं तो मला म्हणायचा आणि हनुवटीवरून हात फिरवायचा.

आळेफाट्याला कधी ट्रॅक्टर दुरुस्तीला नेला असेल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. झुपकेदार मिशा, तेलकट निळा शर्ट. त्याच्या गॅरेजशेजारीच माझं सुट्या भागांचं दुकान. संध्याकाळी आम्ही एकाच मोटारसायकलवर खोडदला परतायचो.

त्याला जुळा भाऊ होता. दोघे इतके सारखे, की गिऱ्हाईक एकाला सांगितलेलं काम दुसऱ्याला विचारायचं. तिशीच्या आतच तो भाऊ नाशिक रस्त्यावर अपघातात गेला. त्याची बायको याच्याच घरात राहिली, पण याच्याकडे बघेना. ताट ठेवायची आणि पाठ करून बसायची. तेव्हा याने मिशा वाढवल्या. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "एक बाई या तोंडाला बघून रडती. आनखी एक कशाला आनायची?"

चाळिशीनंतर त्याचे खालचे दात एकमेकांवर चढू लागले. पुढे हिरड्या मागे सरकल्या, दात लांब दिसू लागले, मग हलायला लागले. गाल बसले, नाकाचा शेंडा खाली उतरला. मी त्याला नारायणगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. समोरचे दात काढावे लागले. वयानं जबड्याचं हाड झिजतं, ओठ आत जातात, असं त्या समजावत होत्या.

त्याने एकच विचारलं. "माझ्या जुळ्या भावाचंबी असंच झालं असतं का?"

"तुम्ही जुळे होतात ना? मग साधारण असंच."

हे त्याने घरी सांगितलं. दोन दिवसांनी वहिनी त्याला म्हणाली, "भावजी, मिशा काढता का?"

त्याने काढल्या. ती समोर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट बघत राहिली. "ते असेच दिसले असते," एवढंच म्हणाली.

त्यानंतर त्याने कवळी बसवलीच नाही. भाकरी आमटीत भिजवून गिळायचा. मी रागावलो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिचा नवरा माझ्यातच म्हातारा व्हतोय." मग म्हणाला, "आता ती रोज समोर बसती. पन माझ्याकडं नाय बघत, भाऊ."

गेल्या थंडीत तो झोपेतच गेला. ओसरीवर ठेवला होता. तोंड उघडं राहिलं होतं, म्हणून कुणीतरी कापड मागितलं. वहिनीने लुगड्याची पट्टी फाडून आणली आणि स्वतः जबडा बांधला.

"हितवर कळलं," ती मला म्हणाली. "ह्याच्यापुढं ते कसे दिसले असते, आता कुनाला बघू?"

मला त्याची फार कीव आली. तिरडी उचलायला आम्ही पुढे झालो, तेव्हा ती वाकली. आजवर ती त्याला भावजीच म्हणत आली होती. त्या सकाळी तिने त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली. हळूच, दोनदा.