प्रेसखालचा कोहळा

सकाळची वंदना आटोपून वही उघडली आहे. भाऊजींचा सुजलेला डोळा आज जरा किलकिला झाला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, बुद्धरत्न. ते सहावीत होते तेव्हा आमच्या मामंजींची दोन बोटं भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. मामंजी अजून सांगतात, "रुमालात बांधून मीच चालत दवाखान्यात नेली." तेव्हापासून भाऊजींनी एकच धरलं, प्रेसला डोळे बसवायचे. आता चाकणच्या एका कारखान्यात तेच करतात. प्रेसपुढे न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा असतो. त्यात हात गेला की प्रेस जागीच थांबली पाहिजे. हे ठरवतो मशीनमधला छोटा कॉम्प्युटर. त्याची चिप वेगळी, लॅपटॉपची वेगळी. म्हणून लॅपटॉपवर बसून त्या दुसऱ्या चिपला कळेल असा प्रोग्रॅम बांधायचा. त्याला ते क्रॉस-कंपाइल म्हणतात. पडदा वाचायचं काम एका फाइलीत असतं, ती लायब्ररी. कारखान्याची खासगी, म्हणून तिचा फोल्डर वेगळा.

मशीन बंद करून पुन्हा लावलं की आत आधी कोहळा घालायचा, मग माणसाचा हात, हा भाऊजींचा नेम. "वहिनी, कोहळा द्या," म्हणून माझ्याकडूनच नेतात.

खंडेनवमीच्या आधी त्यांनी नवा पडदा आणि त्याची नवी लायब्ररी बसवली, तपासली. एक कोहळा मशीनशेजारी ठेवला. ऑपरेटर नवनाथला बजावलं, "सुट्टीनंतर आधी हा." मग आम्हाला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर आले.

इकडे मेन स्विच पाडून यंत्रांची पूजा झाली. पूजेचा कोहळा आणायचा राहिला होता, म्हणून फोरमन गणराजने भाऊजींचाच उचलून प्रेसपुढे फोडला. दसऱ्यानंतर नवनाथने विचारलं, "साहेब, कोहळा कुठाय?"

"दिला की बळी परवा! आता काय रोज द्यायचा? चालव."

नवनाथने पत्रा सरळ करायला हात घातला. प्रेस थांबली नाही. चार बोटं पत्र्याला चिकटून सपाट झाली, रक्ताच्या चिळकांड्या पूजेच्या झेंडूवर उडाल्या.

भाऊजी नागपूरहून थेट चाकणला गेले. गेटवर नवनाथचा भाऊ ज्योतीराम लोखंडी पाना घेऊन उभा होता. "आमच्या भावाचा हात खाल्ला तुझ्या डब्यानं, अन् तू फिरतोस व्हय!" पहिला घाव डोळ्याखाली, दुसरा बरगडीवर. पडल्यावर लाथा. गणराज बाजूला उभा राहून बघत होता, कोहळ्याबद्दल चकार शब्द नाही. भाऊजी रक्त थुंकून म्हणाले, "मार अजून. पण आधी मशीनपाशी जाऊ दे. उद्या तिथं दुसरा उभा राहणारे."

मशीन तपासून घरी आल्यावर मला म्हणाले, "चूक माझीच, वहिनी. मी हाताने प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा लायब्ररीचा पत्ता तेवढ्यापुरता सांगितला होता. प्रोग्रॅममध्ये कोरायचा विसरलो. स्विच पाडला, पत्ता पुसला. मशीनने सामायिक फोल्डरातली त्याच नावाची जुनी फाइल उचलली. ती जुन्या पडद्याची. नव्या पडद्यात हात गेला की तिला जागा रिकामी दिसायची. कोहळा घातला असता तर तो चिरडला असता, एवढंच."

काल ते नवा प्रोग्रॅम आणि माझा कोहळा घेऊन गेले. जुनी फाइल काढून टाकली. तीनदा स्विच पाडला, तीनदा लावला, तिन्ही वेळा कोहळा अख्खा राहिला.

ज्योतीराम ओरडला, "भोपळ्याला काय हाय? तुझा हात घाल!"

भाऊजींनी उजवा हात घातला. प्रेस खाली आली आणि हाताच्या वीतभर वर थांबली. ज्योतीरामने त्याच क्षणी त्यांच्या कानशिलात हाणली. "हे आधी का न्हाई केलं?"

"आधी कोहळा होता," भाऊजी म्हणाले. "तो कुणी फोडला, ते विचार."

जमलेले सगळे कामगार गणराजकडे बघायला लागले. ज्योतीरामने त्याची कॉलर धरून त्याला प्रेसपर्यंत फरफटत नेलं. "घाल की साहेब, आता तू घाल!" गणराजने दोन्ही हात काखेत दाबले आणि लेकरासारखा रडला. भाऊजींनीच ज्योतीरामला मागे ओढलं.

मी रोज हिंसेपासून दूर राहण्याचं शील घेते. तरी ती कॉलर धरल्याचं ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? भाऊजींनी परत आणलेला तो अख्खा कोहळा ओट्यावर तसाच आहे. त्याला सुरी लावायला हात धजत नाही.