नाव न घेण्याजोगी गोळी

प्रकाश त्र्यंबक मुजुमदार. जन्म १९४८, उज्जैन. हयात, आणि स्वतःच्या मते ठणठणीत.

आयुर्विम्याच्या कचेरीत प्रकाशरावांनी निवृत्तीपर्यंत एकच धर्म पाळला: ज्याने आजार लपवला, त्याचा दावा नामंजूर. समोर बसलेल्या विधवेला ते चष्मा पुसत सांगत, "यजमानांनी आधी सांगितलं असतं, तर ही वेळ आली नसती."

सत्याचा असा कैवारी सत्तरी उलटल्यावर प्रोस्टेटची गोळी घेऊ लागला. ती आणण्यासाठी टावर चौकातली ओळखीची औषधांची दुकाने टाळून ते लांब नानाखेड्याला जात, आणि घरी ती हिंगाष्टकाच्या डबीत ठेवत. मुजुमदारांच्या घराण्यात पुरुषांना तसले विकार होत नसत; फार तर पोट बिघडे.

पुढे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सून ऋचा त्यांना डॉक्टर शैलेंद्र जैन यांच्याकडे घेऊन गेली.

"बाऊजी, कौन-कौन सी दवाइयाँ चल रही हैं?"

"बीपी की. बस."

"पेशाब-वेशाब की कोई?"

"जी नहीं!" डोळ्याच्या वैद्याने कमरेखालची चौकशी करावी, तीही सुनेदेखत, हा प्रकाशरावांना निव्वळ आगाऊपणा वाटला. ऋचाने काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले.

ऑपरेशनच्या टेबलावर डोळा बधिर होता. कान दुर्दैवाने शाबूत होते. मध्येच डॉक्टरांचा हात थांबला. औषध घालून रुंद केलेली बाहुली आकसत होती, आणि तिच्याभोवतालचा रंगीत पडदा ओल्या फडक्यासारखा ढिला पडून हेलकावत होता.

"बाऊजी, सच बताइए. प्रोस्टेट की गोली लेते हैं? आँख का सवाल है!"

एका पारड्यात डोळा, दुसऱ्यात घराण्याची अब्रू. प्रकाशरावांनी पूर्ण विचारांती उत्तर दिले, "ज़रा धीरे, डॉक्टर साहब. बाहर बहू बैठी है."

"उस गोली से किसी-किसी की पुतली ऐसी ढीली पड़ जाती है. पहले बता देते, तो ये नौबत नहीं आती!"

वाक्य ओळखीचे होते. फक्त आजवर टेबलापलीकडून ते प्रकाशराव स्वतः म्हणत.

डॉक्टरांनी बारीक हुक लावून बाहुली ताणून धरली आणि डोळा वाचवला. बाहुली मात्र जराशी वाकडी राहिली. त्या डोळ्याला आता रात्री दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात.

घरी ऋचाने डोळ्यांच्या थेंबांशेजारी हिंगाष्टकाची डबी आणून ठेवली. "बाबा, ही पण रोजची ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"केव्हाचं! हिंगाष्टकाच्या डबीला हिंगाचा वास नको?"

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'जी नहीं' म्हणालात ना! सासऱ्यांना परक्यासमोर खोटं पाडणं आपल्याकडे शोभतं का, बाबा?"

'शोभतं का' हे या घरात आजवर प्रकाशरावच विचारत असत. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

डावा डोळा अजून व्हायचा आहे. जुन्या दाव्यांचा फेरविचार झालेला नाही, आणि तो होईल अशी चिन्हे नाहीत. ठरले आहे ते एवढेच: या खेपेला गोळीचे नाव ऋचाच डॉक्टरांना सांगेल, आणि तेवढा वेळ प्रकाशराव बाहेर बसतील.