ब्राउझरच्या कानावर गेलेली गोष्ट

गिरगावात आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत मी वधूवर सूचक मंडळ चालवते. मंडळ म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि दोन कपाटं. सासूबाईंनी सुरू केलं, मी पुढे चालवलं. पूर्वी फाइली होत्या, आता सगळं ब्राउझरमध्ये. एकीकडे मेल उघडा, दुसरीकडे स्थळांचा तक्ता.

या कामात छापील फॉर्म फारसा उपयोगाचा नसतो. उंची, शिक्षण, गाव, चष्मा आहे की नाही, एवढं त्यात येतं. खरं काय ते लोक निघताना सांगतात. एक चप्पल पायात, दुसरी अजून बाहेर, आणि मग हळूच, "काकू, एक सांगायचं राहिलं." कुणाचा साखरपुडा मोडलेला असतो, कुणाचे वडील घर सोडून गेलेले असतात. ते मी पोटात ठेवायचं आणि ज्याचं त्यानं पहिल्या भेटीत समोरच्याला सांगायचं, असा आमच्याकडचा रिवाज. भेटीआधी मी बोलत नाही आणि भेटीनंतर लपवू देत नाही.

लालबागची ती मुलगी अशीच दारात थांबली. वय एकतीस, बँकेत नोकरी, वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. म्हणाली, "मला शाळेत असताना फिट्स यायच्या. आता कित्येक वर्षांत आली नाही, पण गोळी चालू आहे. मुलाला मीच सांगणार, माझ्या तोंडानं. मागच्या वेळी मावशीनं आधीच सांगून टाकलं. तो मुलगा तासभर माझ्याशी बोलला, पण पेशंटला भेटायला आल्यासारखा." मी म्हटलं, "माझ्याकडून कुणाला कळणार नाही." ती गेल्यावर तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवलं. रकान्याचं नावच 'फक्त माझ्यासाठी'. सदुसष्टाव्या वर्षी डोक्यात तरी किती ठेवणार?

त्याच सुमारास ब्राउझर अपडेट झाला आणि पडद्याच्या उजव्या बाजूला एक नवा चौकोन येऊन बसला. एआय म्हणे. 'मी मदत करू का?' कुणी बोलावलं होतं याला? एखादा आगाऊ पाहुणा न विचारता स्वयंपाकघरात शिरतो आणि डबे उघडून बघतो, तसलाच प्रकार. माझी सून परळला आयटीत आहे. तिला म्हटलं, हे आधी काढ. तिनं सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी केलं आणि म्हणाली, "आई, बंद केलंय." चार दिवसांनी पुढचं अपडेट आलं आणि चौकोन परत हजर. बंद केलं म्हणजे बंद झालं, यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत सुटले, हा मेला आपलं सगळं वाचतो. सून हसायची. "आई, त्याला तुमच्या स्थळांत काय रस असणार?"

आता खरं ते सांगते. महिन्याभरात मीच त्याला वापरायला लागले. पहिल्यांदा बटण चुकून दाबलं गेलं. एका मुलाची माहिती समोर उघडी होती, त्यावरून त्यानं मेलमध्ये चार ओळींचा परिचय लिहून दिला. भाषा जरा सरकारी होती, पण मी लिहिते त्यापेक्षा नीटनेटकी. मग काय, चटक लागली. सुरुवातीला शब्द न् शब्द वाचायचे, दहा-बारा मेलनंतर वरवर नजर टाकायला लागले. लोकांपुढे त्याला शिव्या आणि कुणी नसताना त्याचे लाड, असं माझं ढोंग चाललं होतं.

दादरच्या एका मुलाच्या आईला लालबागच्या त्या मुलीचा परिचय पाठवला तो असाच, आत कुकर लावलेला असताना, शिट्ट्या मोजत. दुपारी त्या बाईंचा फोन आला. "तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. फिट्सचं आम्हाला काही वाटत नाही हो. माझ्या भावालाही होत्या. रविवारी भेटू या."

मी पाठवलेला मेल उघडला. शेवटची ओळ होती, 'मुलीस शालेय वयात फिट्सचा त्रास होता, सध्या औषध सुरू आहे. ही बाब ती पहिल्या भेटीत स्वतः सांगणार आहे.' शेजारी उघड्या असलेल्या तक्त्यातून त्यानं माझा रकाना उचलला होता.

लपवणं शक्य नव्हतं. तिला फोन करून सगळं सांगितलं. ती ऑफिस सुटल्यावर थेट आली.

"त्यांची काही हरकत नाही गं," मी म्हटलं.

"त्यांची नसेल. पण ते मला सांगायचं होतं, काकू. आता रविवारी मी काय सांगू?"

"मी नाही गं लिहिलं. त्या मेल्या ब्राउझरनं..."

"त्याला कुणी सांगितलं?" तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. "अजून काय लिहिलंय माझ्याबद्दल? त्यानं वाचलंय तर मलाही वाचू द्या."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. फिट्सच्या खाली माझीच वाक्यं होती. 'फोटोत उजळ, प्रत्यक्षात सावळी. एकतीस पूर्ण. गोळी चालू, तेव्हा हिनं फार निवड करू नये.' असं मी प्रत्येकाबद्दल लिहिते, कामापुरतं. तिच्या शेजारी बसून ते वाचताना मला स्वतःची लाज वाटली. तिनं पडद्यावरच्या त्या ओळींवर बोट ठेवलं.

"पुसा," ती म्हणाली.

मी तिची सगळी ओळ पुसली. तिनं विचारलं, "आता कुठेच नाही ना?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत कुणाला असं उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

ती उठली, दाराशी गेली, दोन्ही चपला घातल्या. "रविवारी मी जाणार नाही, असं कळवा त्यांना," ती म्हणाली. "कारण मात्र लिहू नका."