पिस्तुलाशेजारची थापी

सातवीतून शाळा सोडून गवंडीकाम शिकलो आणि लातूरहून मालवणला कामाला आलो. खंडेनवमीला माझी थापी यंदा पूजेविना राहणार, ही रुखरुख होती. पण परक्या घरात विचारायचं कसं?

घरमालक आजोबा पाटावर पणजोबांचं पिस्तूल मांडत होते. शिसवी मुठीवरच्या पितळी वेलीचं एकेक पान खोबरेलाच्या फडक्यानं पुसत होते. मी दारातच थबकलो.

"भियतंस कित्याक रे? माझ्या बायलेपरास गरीब आसा ता. ह्येना कोणाक मारूक नाय, म्हणान देखणा दिसता."

मग त्यांनी पिस्तूल थोडं बाजूला सरकवलं.

"तुझी थापी खंय आसा? हाड हय!" मी धावत जाऊन थापी घेऊन आलो.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून आईला सांगितलं, थापीची पूजा झाली, पिस्तुलाच्या मांडीला मांडी लावून.