हाताला जड लागलेली हार्ड डिस्क

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो वडगावच्या विणकर आण्णांमुळे. कुठलीही वस्तू हाती आली की आण्णा आधी ती तळहातावर तोलायचे. कलिंगड असो, कुलूप असो की लुगडं. माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून दाखवायला नेलं, तर तेही त्यांनी तोललं आणि म्हणाले, "जड हाय रं. टिकंल." कापडाला वजन म्हणजे सूत भरपूर, ही जन्मभराची पारख त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावली होती.

खानापूरकडच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी आलो, तेव्हा त्यांनी मला मागाशेजारची खोली दिली. माग सुरू झाला की भिंत हादरायची, टेबलावरचं पेन घरंगळत खाली पडायचं. माझी परीक्षा आली की मात्र आण्णा संध्याकाळी माग थांबवायचे. शेजारी चेष्टा करायचे, पोरगं पास होईल आणि तुम्ही उपाशी राहाल म्हणून. आण्णांचं उत्तर ठरलेलं असे. "माग उद्या बी चालतोय. पेपर उद्या न्हाय."

त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याकडेच राहायची. हातमागावरच्या लुगड्यांचे जुने काठ तिला तोंडपाठ होते. अलीकडे आण्णा फोनवर तिचे व्हिडिओ काढू लागले होते. कुठला धागा कुठून उचलायचा हे ती सांगायची आणि मधेच भावाला टोमणा मारायची, "फोन नीट धर रं, म्हातारी मी हाय का तू?"

आक्का गेली. फोन भरून गेला होता, म्हणून आण्णा हार्ड डिस्क घ्यायला दुकानात गेले आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला. दोन होत्या, किंमत जवळपास सारखीच. एक बिस्किटाच्या पुड्यासारखी हलकी, पण जागा कमी. दुसरी जड आणि जागा दुप्पट. मी पुण्यात ऑफिसात होतो, मीटिंगला निघालो होतो. म्हणालो, "मोठी घ्या, आण्णा."

"मला बी तीच बरी वाटली. हाताला जड लागती," ते खुशीत म्हणाले.

जड डिस्कमध्ये तबकडी फिरते, हलकीत काहीच फिरत नाही, हे मला माहीत होतं. ती कुठे ठेवणार, एवढंही मी विचारलं नाही. दुसरी प्रत ठेवा, असंही सांगितलं नाही.

आण्णांनी ती मागावरच्या फळीवर ठेवली, मी दिलेल्या जुन्या लॅपटॉपला जोडून. आक्काला ऐकत ऐकत विणायचं, म्हणून. फोनमधलं सगळं पुसून टाकलं. काही महिन्यांनी डिस्क उघडेना, तेव्हा मी ती पुण्याला आणली. दुरुस्तीवाला म्हणाला, "चालू असताना सारखे हादरे बसलेत. तबकडी खरवडून गेलीय. कुठे ठेवली होती?"

मला टेबलावरून पडणारं पेन दिसलं.

आण्णांना मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की आतलं काही परत मिळत नाही. ते म्हणाले, "माझाच हात कुठंतरी चुकला असंल. अडाण्याच्या हातात दिल्यावर असंच व्हतंय." आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. तेव्हापासून ते लॅपटॉपला हात लावत नाहीत, असं कळलं. पुन्हा फोन करायचं धाडस होईना. शेवटी हे पत्र पाठवलं.

"ती. आण्णांस, सा. न.

तुमचा हात चुकला नाही. ती डिस्क मागाच्या हादऱ्यांनी गेली. तुमच्या घरात भिंत कशी हादरते, हे दुकानदाराला माहीत नव्हतं, मला होतं. तरी मी 'मोठी घ्या' म्हणालो. आक्कांचा आवाज माझ्यामुळे गेला.

सोबत हलकी डिस्क पाठवतो आहे. हातात धरल्यावर काहीच वाटणार नाही, पण हिच्या आत काही फिरत नाही. रविवारी मी येतो. आक्कांनी शिकवलेले काठ तुम्हाला आठवतील तेवढे सांगा, मी फोन धरतो. एक प्रत तुमच्याकडे राहील, एक माझ्याकडे.

माझ्या परीक्षेला थांबवायचात, तसा त्या दिवशी माग थांबवा."