सुलभाताईंचा पांढरा कागद

सुलभाताई कुणाच्याही घरी आल्या की चहा नाही, खुशाली नाही. बुटांसकट थेट मागच्या बागेत. पर्समधून पांढरा कागद काढायचा, स्प्रूसच्या, त्या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, फांदीखाली धरायचा आणि फांदी दोनदा आपटायची. कागदावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक हिरवी कीड, पडली की यजमानाची धडगत नसे. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर भूल दिली, पण खरं कौशल्य समोरच्याला शुद्धीवर आणण्यात.

माझ्या निळ्या स्प्रूसच्या सुया आतून तपकिरी पडून गळायला लागल्या, तेव्हा मी बुंध्याशी ताक घातलं. पुण्यात आईचा कढीपत्ता ताकावरच माजला होता.

"ताक? कढी करायचीय का झाडाची?" ताई कडाडल्या. "अरे, सॉफ्टवेअरवाला ना तू? आधी फॉल्ट शोधतोस की आधी पॅच मारतोस?"

कागदावर मावा रांगत होता. साबणाच्या पाण्याने तो गेला. माझी अब्रू आधीच गेली होती.

"फेब्रुवारीत बघायचं," ताई म्हणाल्या. "मावा थंडीतच लागतो. मेमध्ये रडून उपयोग नाही. गळलेली सुई परत येत नाही."

मला या बाईंचा मनस्वी राग यायचा. स्वतःच्या दारातला स्प्रूस त्यांनी गुडघ्याएवढा असताना लावलेला, आता दुमजली. त्याचंही कौतुक नाही. "झाड आहे, वाढलं. आरती ओवाळू?"

मग त्यांचे गुडघे गेले. घर विकून लेकीकडे केंब्रिजला जायचं ठरलं. नवी मालकीण, एमा, हिनं पहिल्याच भेटीत विचारलं, झाड काढलं तर दुसरी कार मावेल का? ताई तिला पुढची खोली दाखवायला निघाल्या.

"सांगा ना तिला, तोडू नको म्हणून," मी ताईंना म्हटलं.

"घर विकलं ना? मग भीक कसली मागायची?"

निघायच्या दिवशी मात्र किल्लीबरोबर त्यांनी एमाच्या हातात कोरा कागद दिला, फांदी आपटून दाखवली. "एव्हरी फेब्रुअरी. अँड डोन्ट बी लेझी." कुऱ्हाड घेऊन बसलेलीला मावा दाखवायचा! मला त्यांची कीवच आली.

पुढच्या फेब्रुवारीत मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. झाड जागेवर होतं. एमा ड्रेसिंग गाऊनवरच कागद धरून फांदी आपटत होती.  मी तिथूनच ताईंना फोन लावून सांगितलं.

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"कागद कोरा होता ना?" त्यांनी विचारलं. "रेघांचा धरला तर मावा दिसत नाही म्हणावं."